कनवटीचं नेट

"उरलेलं कुठं जातं?" मी विचारलं.

काउंटरपलीकडची पोरगी म्हणाली, "कुठं जात नाही, आजी. दिवसाला दोन जीबी मिळतं. रात्री बारा वाजले की त्यातलं राहिलेलं संपतं."

"आम्ही वापरलं न्हाई तरी संपतं?"

"हो."

"मग वापरतं कोण?"

"कुणीच नाही."

"म्हंजे पैसे मी भरायचे, आणि माल मलाबी न्हाई, तुलाबी न्हाई. आमच्या घरात शिळी भाकरी उरली तर कुत्र्याला घालतो, बाळ. तुमच्या कंपनीला एक कुत्रंबी मिळंना व्हय?"

मागं उभी असलेली दोनतीन गिऱ्हाइकं हसली. माझ्या सुनेनं, रेश्मानं, पदर तोंडाला लावला. विट्याला बाजारादिवशी मी कुठल्याही दुकानात शिरले की ती आधीच दोन पावलं लांब उभी राहते. ओळख नसल्यासारखी.

"आणि हे महिनाभर चालतंय?"

"अठ्ठावीस दिवस."

"महिना अठ्ठावीसचा कधीपासनं झाला? वरचे दोन दिवस आम्ही मुकं बसायचं?"

"आत्याबाई," रेश्मा हळूच म्हणाली, "सगळीकडं असंच असतंय."

"सगळीकडं असंच असतंय म्हणूनच विचारायला पायजे."

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. आमच्या भागातले पुरुष गलाईच्या धंद्याला जातात. सोनंचांदी आटवून शुद्ध करायची, ती गलाई. कुणी कानपूरला, कुणी मदुराईला. माझा संपत कोइंबतूरला असतो. गावात राहतो आम्ही बायका, म्हसरं आणि फोन. घरात तीन फोन होते. एक रेश्माचा, काच तडकलेला. एक माझ्या नातीचा, ईश्वरीचा, संपतनं वापरून टाकलेला. आणि एक माझा, बटणांचा, नुसता बोलायचा. तीन फोनांची तीन रिचार्जं, आणि तिन्ही वेगवेगळ्या दिवशी संपायची. बरं, आमच्या घरात रेंजही धड नाही. रेंज पाहिजे तर गावाबाहेरच्या भैरोबाच्या माळावर जायचं. अलीकडं एका कंपनीचा टॉवर पलीकडच्या डोंगरावर झाला होता, तिची तेवढी रेंज घरात येते असं कळलं होतं. तीन फोनांना तीन नवी कार्डं घ्यायची म्हटल्यावर मी म्हणाले, थांबा. एका घरात चूल एक, तर रिचार्ज तीन कशापायी? मी दुसरीपर्यंत शिकले, पण एवढा हिशेब दुसरीच्या आतच शिकवतात.

"आजी, तुम्ही स्मार्टफोनच घ्या ना," पोरगी म्हणाली. "हप्त्यानं देते."

"हप्त्यानं मी नवराबी घेतला नसता. दुसरं काय हाय दाव."

तिनं मग खालच्या फळीवरनं एक बटणांचा फोन काढला. दिसायला माझ्या जुन्यासारखाच, साबणाच्या वडीएवढा. "ह्यात नेट चालतं. आणि ह्यातलं नेट घरातल्या बाकीच्या फोनना देता येतं. हॉटस्पॉट म्हणतात. फक्त ह्याच्यात रिचार्ज मारायचं."

"म्हंजे म्हैस एक आणि दूध घरभर."

"हो, तसंच."

"मग असं आधी सांगायचं न्हाई? अर्धा तास जीबी-जीबी करतीयास."

फोन घेतला. तिनं कार्ड घातलं, बटणं दाबली आणि म्हणाली, "पासवर्ड सांगा. गुपित शब्द. तो कळल्याशिवाय दुसऱ्याला नेट वापरता येत नाही. नाहीतर शेजारीपाजारी फुकट ओढतील."

मी पुढं वाकून तिच्या कानात सांगितलं, "हरणी."

रेश्मानं ऐकलंच. ती दुसरीकडं बघायला लागली.

हरणी म्हणजे आमची म्हैस. पण नुसती म्हैस नाही.

माझी जाऊ यमुना. धाकट्या दिराची बायको. लग्नानंतर दोन वर्षांनी माहेरी गेली होती, ती येताना एक पारडू घेऊन आली, दोरीला धरून, चालत. रस्ताभर त्याच्याशी बोलत आली होती म्हणे. त्याच पारडाच्या वंशातली ही हरणी. यमुनेनं तिला बोटानं दूध पाजून वाढवली. हरणी पहिल्यांदा व्यायली त्याच साली घराची वाटणी झाली. पंच बसले, चिठ्ठ्या टाकल्या. हरणीची चिठ्ठी माझ्या वाट्याला आली. यमुना सगळ्यांसमोर म्हणाली, "आक्का, कपाट ने, जातं ने, तांब्याचा बंब ने. एवढी हरणी मला दे."

मी म्हणाले, "चिठ्ठी ती चिठ्ठी."

"माझ्या माहेरची हाय गं ती."

"चिठ्ठीवर माहेर लिवलं नव्हतं."

तेव्हा यमुना उठली आणि पंचांसमोर, आख्ख्या आळीसमोर मला म्हणाली, "चोर हायस तू, आक्का."

त्यावर अंगणातून पुरुषभर उंचीची भिंत उठली. नऊ वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. मी दोन दिवसांआड ताक घुसळायची. आमच्यात ताक विकत नाहीत, शेजारपाजाऱ्यांना देतात. सगळी आळी तांब्या घेऊन माझ्या दारात यायची. फक्त भिंतीपलीकडनं तांब्या कधी आला नाही.

भिंतीपलीकडनं यायचा तो आवाज. यमुनेला कोंबड्यांचा भारी त्रास होता. रोज सकाळी सहा-साडेसहाला आणि संध्याकाळीही त्याच सुमाराला भिंतीशी येऊन ती ओरडायची, "हाऽड! हाऽड मेल्यांनो! पुन्यांदा आलीस का गं तू? तुझ्या पायात दोरी बांधू का?" मी बरोबर त्याच वेळेला धारेला बसलेली असायची. हरणीची दावण भिंतीला लागूनच होती. उन्हाळ्यात तिथं भट्टी पेटते, म्हणून शेजारणी विचारायच्या, "सोजराक्का, म्हैस इथं कशाला बांधलीसा?" मी म्हणायची, "वारा लागतो." वारा लागायचा तर मधे भिंत होती. पण मला दुसऱ्यांदा कोण विचारणार?

नवा फोन मी पिशवीत घालून कनवटीला खोचला. किल्ल्या तिथं, तपकिरीची डबी तिथं, आता नेटही तिथं. मी जाईन तिथं नेट. ईश्वरी मोबाइल हातात धरून माझ्या मागं मागं. मी परड्यात, ती परड्यात. मी शेणाची पाटी घेऊन उकिरड्यावर, ती नाकाला रुमाल लावून उकिरड्यावर.

"आज्जी, जरा एका जागी बस की गं. धडा अर्ध्यात अडकलाय."

"तुझा धडा अडकला म्हणून माझं शेण अडकून राहील व्हय? चल मागनं."

पहिले दहा-बारा दिवस छान गेले. मग संध्याकाळचं नेट संपायला लागलं. रात्री जेवायच्या वेळी संपत रेश्माच्या फोनवर तोंड दाखवायचा. तो "आई, कशी हाय—" म्हणायचा आणि तोंड उघडं ठेवून तिथंच थिजायचा. चार दिवस मी माझ्या पोराच्या दाढा मोजल्या. पाचव्या दिवशी ईश्वरीला म्हणाले, "ह्यात बघ, कोण पितंय."

तिनं माझ्या फोनवर बटणं दाबली. मग तिचं तोंड बारीक झालं.

"आज्जी, आपल्या नेटवर तीन फोन लागलेत."

"आपले तर दोनच हायत."

"तिसऱ्याचं नाव अस्मिता दिसतंय."

अस्मिता म्हणजे यमुनेची पोरगी. कॉलेज शिकून घरी बसलेली, नोकरी शोधत होती. सगळं लक्षात आलं. मी सकाळ-संध्याकाळ भिंतीशी धारेला बसते, नेट माझ्या कनवटीला. मी हरणीचे सड ओढते तेवढ्यात ती पलीकडनं माझं नेट ओढते.

"तू सांगितलास शब्द?" मी ईश्वरीला धरलं.

"देवाशपथ न्हाई."

"मग भिंतीनं सांगितला?"

"मला काय म्हाईत, आज्जी! शप्पत घेतली की मी."

डोकं शांत असतं तर मी पुढं विचार केला असता, की मग कळला कसा. पण माझं डोकं तेव्हा नऊ वर्षं मागं गेलं होतं, पंचांसमोर. मला चोर म्हणणारी आता माझ्याच भिंतीला तोंड लावून बसली होती. मी म्हणाले, "शब्द बदल."

"काय ठिवू?"

"यमुनाचोर."

"आज्जी!"

"मुकाट्यानं लिव."

तिनं लिहिलं. तिच्या आणि रेश्माच्या फोनवरही घातलं. रेश्मा माहेरी जायची पिशवी भरत होती, दुसऱ्या दिवशी तिच्या भावाच्या लग्नाची सुपारी फोडायची होती. ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, पोरगी शिकणारी हाय हो."

"शिकू दे की. माळावर बसून शिकू दे."

त्या रात्री संपत शेवटपर्यंत बोलला. दाढा दिसल्या नाहीत. मला गाढ झोप लागली.

दुसरा दिवस शनिवार. सकाळची शाळा, ईश्वरी पहिल्या गाडीनं गेली. रेश्मा तिच्याबरोबरच निघाली. माळावर भैरोबाच्या जत्रेचा स्पीकर पहाटेपासून बोंबलत होता. मी बादली घेऊन हरणीखाली बसले. सडाला हात लावला. एक थेंब नाही. पुन्हा ओढलं. हरणीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पाय झाडला. बादली गडगडत भिंतीला जाऊन आपटली.

आता खरं सांगते. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, संपतच्या वडिलांनाही नाही.

वाटणीनंतर पहिले तीन दिवस हरणीनं मला पान्हाच घातला नाही. लाथा घातल्या. मी बाहेरनं दूध आणून ताक केलं, आळीत वाटलं, आणि "काय दूध देती बाई ही!" म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडं यमुना कोंबड्यांवर ओरडली. हरणीचे कान टवकारले, कास भरली, आणि अशी धार लागली की बादली पुरेना. त्या दिवशी मी तिची दावण उचलून भिंतीला लावली. नऊ वर्षं मी यमुनेच्या आवाजावर दूध काढत होते.

आणि आज आवाज नव्हता.

मी बादली पुन्हा लावून वाट बघत बसले. आठ वाजून गेले तरी कोंबड्यांवर कुणी ओरडेना. मग पलीकडनं वेगळाच आवाज आला. पोरगी रडत होती.

"काल सांजच्यापासनं लागंना, आई. शब्द चुकीचा म्हणतंय."

"माळावर जाऊ या की."

"माळावर स्पीकर हाय. पुण्यात बसलेल्या सायबांना माझं काय ऐकू येणार? एकदाच वेळ दिलीया त्यांनी, नऊला. दोन मिन्टं उशीर झाला तर पुढचं नाव घेत्यात." हुंदका. "मोठ्या आईला विचारू?"

यमुना म्हणाली, "तिला विचारण्यापरास मी हरणीच्या शेपटाला धरून पुण्याला जाईन."

"मग दुसरा कुठला शब्द असंल, सांग की. मागच्या बारीला पैल्याच दमात सांगितलेलास."

"त्याला काय अक्कल लागती? तिच्या पोटात हरणीशिवाय हाय काय? बरं, घाल. भागीरथी घाल. तिची आई."

मी बसल्या जागी ताठ झाले.

"न्हाई लागत."

"दादासाहेब घाल. तिचा मालक."

"न्हाई."

"संपत... ईश्वरी... बेलवडे घाल, तिचं माहेर. त्या गावाचा लई ताठा हाय तिला."

"न्हाई गं, आई."

भिंतीपलीकडं माझं आख्खं आयुष्य एक एक करून घालून बघत होती यमुना. आणि एकही चुकत नव्हतं. फक्त लागत नव्हतं.

"सदाशिव घाल," ती हळू आवाजात म्हणाली.

"हे कोण?"

"संपतच्या आधीचा. बारा दिवसांचा होऊन गेला. तुला काय ठावं."

ते नाव मी पस्तीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घरात कुणी घेतच नाही. माझ्या हातातला सड सुटला.

"न्हाई लागत," पोरगी म्हणाली.

"यमुने!" मी हाक मारली.

कुणी उंबऱ्यात येऊन उभं राहावं आणि घरातल्यांनी कामं थांबवावीत, तसं झालं पलीकडं.

"काय?" यमुना म्हणाली.

"शब्द बदललाय म्या काल."

"ते कळलं."

"पोरीला सांग, नवा घाल."

"काय हाय?"

फोनमधनं शब्द बदलायचा कसा ते मला येत नव्हतं. येणारी नात शाळेत, सून माहेरी. नऊ वाजायला अर्धा तास.

"पोरीचा कान हिकडं आण. हळू सांगते."

"भिंतीतनं कान कसा आणू? मोठ्यानं बोल की. स्पीकर केवढा वराडतोय."

"यमुनाचोर," मी म्हणाले.

"काय?"

"यमुनाचोर!"

"ऐकाय न्हाई आलं, आक्का. जरा मोठ्यानं."

मी भिंतीला दोन्ही हात लावून आख्ख्या आळीला जाईल असं ओरडले, "यमुनाऽऽचोर!" समोरच्या नळावर पाणी भरणाऱ्या बायका घागरी सोडून बघायला लागल्या.

"आलं आलं," यमुना म्हणाली. "पैल्यांदाच आलं होतं."

"मोठी आई, जोडून का सुटं?" पोरीनं विचारलं.

"जोडून."

पोरगी किंचाळली, "लागलं! आई, लागलं!"

मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले तशी यमुना ओरडली, "हलू नको, आक्का! नेट तुझ्या कनवटीला हाय नव्हं? तू उठलीस की जातंय. मुलाखत होईतवर हितंच बसायचं."

"शेण काढायचंय मला."

"शेण पळून चाललंय व्हय?"

बसले. जन्मात मी अशी हात जोडून बसले नव्हते. पलीकडं पोरगी तोंड धुऊन आली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बरोबर नऊ वाजता "गुड मॉर्निंग सर." पुढचं सगळं इंग्रजीत. मला एक अक्षर कळलं नाही. पण पोरीचा आवाज आधी कापत होता, मग सावरला, मग चांगला चालायला लागला. यमुना भिंतीच्या कडेला येऊन बसली असावी. तिच्या बांगड्या दगडाला लागल्या. आम्ही एकाच भिंतीला पाठ लावून बसलो होतो, ती त्या बाजूनं, मी ह्या.

बऱ्याच वेळानं ती कुजबुजली, "धार काढलीस का?"

"कुठली? तू आज ओरडली न्हाईस." बोलून गेले आणि जीभ चावली. नऊ वर्षांचं गुपित, एका दमात बाहेर.

यमुनेला नवल वाटलं नाही. "तरीच बादली वाजली मगाशी," ती म्हणाली.

"तुला... ठावं हाय?"

"आक्का, पैल्या तीन दिवसांत तिनं तुझ्या चार बादल्या उडवल्या. मी काय बहिरी हाय? चौथ्या दिशी मी सहज आवाज दिला आणि हिकडं धार लागलेली ऐकली. म्हटलं, बरं. असं हाय तर."

"म्हणून तू त्या कोंबड्यांवर मुद्दाम..."

"कोंबड्या?" यमुना एवढी हसायला लागली की तिला तोंडात पदर कोंबावा लागला. आत मुलाखत चालू होती. "आक्का, माझ्याकडं कोंबड्या हायत कुठं? मानमोडीच्या साथीत सगळ्या मेल्या त्या. वाटणी झाली त्याच साली!"

नऊ वर्षं. दोन्ही वेळा. थंडीत, पावसात. तापानं फणफणलेली असताना एकदा तिचा आवाज घोगरा आला होता आणि मी मनात म्हणाले होते, बसली एकदाची हिची वाचा. हरणी भाकड असली की यमुनेच्या कोंबड्याही कशा शहाण्यासारख्या वागायच्या, हे मला कधी खटकलं नव्हतं. भिंत पुरुषभर उंच. पलीकडं एक बाई रिकाम्या अंगणात उभी राहून नसलेल्या कोंबड्या हाकलत होती.

"का गं?" मी विचारलं.

"कास सुजली असती तिची. दूध अंगात राहून." मग, "तुझ्यासाठी न्हाई हां. फुगू नको."

"मी कशाला फुगू."

हरणीनं भिंतीकडं मान करून नाकानं फुर्र केलं.

"ओरड की आता," मी म्हणाले. "तिची कास ताठलीया."

"आत सायब हायत, आक्का."

"हळू ओरड."

आणि यमुना भिंतीला तोंड लावून कुजबुजत ओरडली, "हाड... हाड गं मेल्यांनो... पुन्यांदा आलीस का गं..." हरणीचे कान टवकारले. मी बसल्या बसल्या बादली पुढं ओढली. धार लागली. पलीकडं पोरगी इंग्रजीत काहीतरी हसून बोलत होती, आणि मी तोंडावर पदर धरून, डोळे पुसत, एका हातानं म्हैस पिळत होते.

दुपारी मला सुचलं की फोन भिंतीवर ठेवून उठता आलं असतं. तसं मी यमुनेला बोललेसुद्धा.

"मला तवाच सुचलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, बस की जरा."

त्या संध्याकाळी मी हरणीचं दावं सोडलं आणि तिला आळीतनं फिरवून यमुनेच्या अंगणात नेऊन बांधलं. तिनं विचारलं, "चिठ्ठीचं काय?" मी म्हणाले, "चिठ्ठी वाऱ्यानं उडाली." तेव्हापासनं ताक तिच्या दारात होतं, आणि आळीतल्या बायकांच्या रांगेत मीही तांब्या घेऊन उभी असते. पहिल्यांदा मला वाढते असं नाही. मुद्दाम शेवटी वाढते. नेट इकडनं जातं, ताक तिकडनं येतं.

अस्मिताला ती नोकरी लागली. पहिल्या पगारात तिनं मला केवढा तरी मोठा काचेचा फोन आणला. मी तो रेश्माला दिला. माझ्या कनवटीला साबणाची वडीच बरी. शब्द मात्र बदलायचा राहून गेला. ईश्वरी म्हणाली बदलू या, यमुनाच म्हणाली राहू दे, सगळ्यांच्या लक्षात राहतो.

तीन वर्षांनी अस्मिताला बघायला पाहुणे आले. मुलगा बंगळूरला संगणकात कामाला, सोबत त्याचे आईवडील, मामा, भटजी. यमुनेच्या सोप्यात सगळे बसले होते, मीही थोरली जाऊ म्हणून लोडाला टेकून. पोहे आले. मुलगा जरा अवघडून म्हणाला, "माझ्या ऑफिसचा एक मेल बघायचा होता. नेट आहे का?"

"हाय की," यमुना म्हणाली.

"पासवर्ड?"

ईश्वरी जमिनीकडं बघायला लागली. अस्मितानं डोळे मिटले. यमुना हातातली पोह्यांची बशी न हलवता, पंचांसमोर बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "यमुनाचोर. जोडून."

मुलानं मान खाली घालून बटणं दाबली. शेवटी त्याच्या आईनं सावकाश विचारलं, "यमुना... कोण?"

"यमुना मी," यमुना म्हणाली, आणि ती बशी माझ्या हातात देत पुढं म्हणाली, "आणि चोर ह्या."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी एक घास खाल्ला.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणाले.